गुत्ता कुणाचा?

मी उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवतो. दोन भाषांमध्ये ये-जा करणाऱ्या मास्तरला एक खोड लागते. एका भाषेत शब्द भेटला, की दुसऱ्या भाषेत त्याचा सोयरा कोण, हे तो शोधत बसतो.

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात एका गझलेत ‘खराबात’ हा शब्द आला. मी सांगितलं, की हा फारसीतून आलेला शब्द आहे, अर्थ मयखाना, दारू प्यायची जागा. ‘खराबा’ म्हणजे उजाड, पडकी जागा; त्याचं हे अनेकवचन. शहरात पिण्याला बंदी, म्हणून वेशीबाहेरच्या पडक्या वास्तूंमध्ये पिणं चाले आणि त्यावरून हे नाव पडलं, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे गुत्ताच की, सर!”

वर्ग खदखदून हसला. एक मुलगा मात्र हसला नाही, त्याने मान खाली घातली. त्याचे वडील हमाली करतात. संध्याकाळी कुठे सापडतात, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे आणि वर्गालाही ठाऊक होतं. मी धडा पुढे नेला, पण त्या मुलाची खाली गेलेली मान काही डोक्यातून जाईना. गुत्ता या शब्दात असं काय आहे, की बापाच्या पायाखालची जागा मुलाच्या मानेवर येऊन बसते? दारू तर परमिट रूममध्येही मिळते. तिथे बसणाऱ्या बापाच्या मुलाला वर्ग असा हसत नाही. त्या प्रश्नातून हा लेख झाला.

गुत्ता ओळखायचा कसा?

मी पीत नाही. आमच्याकडे ते हराम आहे आणि मला त्याची कधी ओढही वाटली नाही. पण सांगलीत माझ्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान एका गुत्त्यापासून चार दुकानं सोडून होतं. त्यामुळे गुत्त्याचं बाहेरचं रूप मी लहानपणापासून बघितलंय. शाळेतून दुकानात येताना अब्बांची एकच ताकीद असे, “नीचे देख के आ.” खाली बघून चालणाऱ्या पोराला पाय दिसतात. गुत्त्यात शिरणारे पाय बहुतेक अनवाणी किंवा टायरच्या चपलेतले, हळदीने पिवळे झालेले, गुळाने चिकट झालेले असत. मार्केट यार्डातले पाय होते ते.

गुत्त्याची खूण कुणालाही विचारा, लगेच सांगेल. अर्ध्या दारावर मळकट पडदा. आत सिमेंटचा कट्टा किंवा जाळीची खिडकी. जाळीतून पैसे आत जातात, बाटली बाहेर येते. बसायला फार तर एक लाकडी बाक, बरेचजण उभ्यानेच घेतात. भिंतीला पान-तंबाखूची नक्षी. बाहेर गाड्यावर उकडलेली अंडी, फुटाणे, मीठ लावलेले शेंगदाणे. कुणी तासभर गप्पा मारत बसत नाही. आला, नव्वद किंवा क्वार्टर मारली, तोंड पुसलं, गेला. दारावर पाटी मात्र ठसठशीत: ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’.

परमिट रूमची खूण वेगळी. काचेचं दार, अंधार मुद्दाम केलेला, टेबलावर मेन्यूकार्ड, वेटर ‘साहेब’ म्हणतो. वरच्या मजल्यावर कधी ‘फॅमिली रूम’ही असते.

आता दोन्हीकडच्या बाटल्यांवरचं लेबल वाचा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या देशी दारूच्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. भारतात बनणाऱ्या व्हिस्कीच्या, रमच्या बाटलीवरही तेच, ४२.८ टक्के. हे अल्कोहोलही बऱ्याच वेळा एकाच गोष्टीपासून बनतं, उसाच्या मळीपासून. रंग, वास, गाळण्याची सफाई, कर आणि किंमत वेगळी असते. पण डोक्यात जे चढतं ते दोन्हीकडे सारखंच. मग गुत्त्याला गुत्ता करते ती दारू नव्हे, हे मान्य करायला हवं.

अमेरिकेत असल्या स्वस्त, कळकट पिण्याच्या जागेला ‘डाइव्ह’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या शहरांत असे अड्डे तळघरात असत. रस्त्यावरून चाललेला माणूस पायऱ्या उतरून एकदम दिसेनासा होई, पाण्यात बुडी मारावी तसा. म्हणून ते नाव. फारसीने त्या जागेची पडझड पाहिली, इंग्रजीने गिऱ्हाइकाची बुडी पाहिली. मराठीने काय पाहिलं?

शब्दाची वंशावळ

मराठीने पैसा पाहिला. गुत्ता या शब्दाचा मूळ अर्थ दारूचा अड्डा नाहीच. गुत्ता म्हणजे ठेका, मक्ता, इजारा. कन्नडमध्ये ‘गुत्तिगे’ म्हणजे कंत्राट. सांगलीपासून पुढे कर्नाटकात जाल तर हा शब्द रोजच्या बोलण्यात सापडेल. मराठवाड्यात आजही रस्त्याचं, बांधकामाचं काम घेणाऱ्याला गुत्तेदारच म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दारू विकण्याचा ठेका म्हणजे दारूचा गुत्ता. बोलता बोलता ‘दारूचा’ गळून पडलं आणि ठेक्याचं नाव जागेला चिकटलं.

या धंद्यातले बाकीचे शब्दही असेच प्रवासी आहेत. शराब हा अरबी शब्द, पण अरबीत त्याचा अर्थ नुसतं पेय. शरबत त्याचंच भावंड. दारू फारसीत औषध आहे. आपल्याकडे ती तोफेतही जाते आणि पोटातही. अर्क म्हणजे अरबीत घाम. भांड्याला सुटलेल्या वाफेचे थेंब घामासारखे दिसतात, म्हणून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या द्रवाला ते नाव मिळालं. आणि आबकारी? आब म्हणजे पाणी, आबकारी म्हणजे पाण्याचं काम. सरकारने दारूच्या उत्पन्नाला इतकं सोवळं नाव दिलं.

ठेक्याची पद्धत जुनी आहे. राजवटी बदलल्या तरी दारूविक्रीचा हक्क लिलावाने देऊन पैसा गोळा करायची रीत कायम राहिली. सातारचं राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं आणि हा मुलूख मुंबई इलाख्यात गेला. त्या काळात दारू गाळणं ठिकठिकाणी, लहान प्रमाणावर चाले. मोहाची, गुळाची दारू निघे. शिंदीच्या झाडाला मडकं लागे. मग १८७८ चा मुंबई आबकारी कायदा आला. परवान्याशिवाय दारू गाळणं, विकणं, बाळगणं गुन्हा झाला. गाळण्याचं काम मोठ्या भट्ट्यांकडे ओढलं गेलं आणि जिल्ह्याजिल्ह्याचे मक्ते दिले जाऊ लागले. मक्तेदाराने सरकारला एवढी किमान रक्कम मिळवून देण्याची हमी द्यायची, तिच्यावर जे सुटेल ते त्याचं.

या हमीत पुढचं सगळं दडलंय. ज्याने सरकारला ठरावीक रकमेची हमी दिली आहे, त्याला माल खपवावाच लागतो. गावात गिऱ्हाईक कमी असेल तर वाढवावं लागतं, आणि दुकान जिथे मजूर आहे, बाजार आहे, जिथे मजुरीचं वाटप होतं तिथे काढावं लागतं. घराच्या पडवीत सणासुदीला गाळली जाणारी दारू गुन्हा ठरली आणि रोजच्या रोज, रोख पैशाने, दुकानात जाऊन प्यायची दारू कायदेशीर ठरली. एका कायद्याने पिण्याची वेळ, जागा आणि खिसा तिन्ही बदलले.

हे ज्यांनी वेळीच ओळखलं त्यांत एक जण सातारकरच म्हणावा लागेल. जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. पिणाऱ्यांना उपदेश करणारे त्या काळात पुष्कळ होते. फुल्यांनी बोट ठेवलं ते दुकानांची संख्या वाढू देणाऱ्या कारभारावर. पुढे १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूदुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले, असहकाराच्या काळात निरोधनं झाली. फुले आणि टिळकांचे अनुयायी इतर शंभर गोष्टींवर भांडत. सरकार दारूवर पैसा करतं, या एका मुद्द्यावर मात्र दोघांची तक्रार जुळत होती.

प्रतिसरकार आणि बंदी

आज आपण सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे म्हणतो. १९४९ पर्यंत वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला साताऱ्याचं प्रतिसरकार म्हणतात, जरी त्याची कुंडलसारखी मोठी केंद्रं आज सांगली जिल्ह्यात आहेत.

१९४३ ते १९४६ या काळात या सरकारने न्यायदान मंडळं चालवली, सावकार आणि गावगुंडांना वेसण घातली, कमी खर्चात लग्नं लावली आणि गावागावांत दारूविरुद्ध मोहीम काढली. ब्रिटिशांच्या तिजोरीत जाणारा पैसा अडवायचा, हा त्यातला एक हेतू होता. दुसरा हेतू बायकांच्या गाऱ्हाण्यातून आला. न्यायदान मंडळापुढे घरातली मारझोड आली, की तिच्यामागे बहुतेक वेळा बाटली असे. आमच्या भागातली म्हातारी माणसं लहानपणी ऐकलेलं सांगत, की त्या दिवसांत प्यालेला माणूस गावात शिरायला घाबरे, कारण कोण कुठे बसून बघतंय याचा भरवसा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ही मागणी कायद्यात आली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. मोरारजी देसाई त्या वेळी गृहमंत्री होते. कायद्याला आव्हान मिळालं. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा मोठ्या प्रमाणात उचलून धरला. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी मात्र टिकली नाही.

हेतू चांगला होता. पण या बंदीलाही दोन दारं होती. ज्याच्याकडे पैसा आणि डॉक्टर होता, त्याला तब्येतीच्या कारणाने परमिट मिळत असे. तो विदेशी दारू घरी ठेवून पिऊ शके. हमालाला, गवंड्याला, ऊसतोड्याला असलं परमिट कोण देणार? त्याच्यासाठी हातभट्टी होती.

हातभट्टीला जे लागतं ते आमच्या भागात कधीच कमी पडलं नाही. सांगलीची गुळाची पेठ देशभर नावाजलेली. कराड, वाळवा, शिराळ्याच्या शिवारात गुऱ्हाळं. काळा पडलेला, विकायला न उरलेला गूळ पाण्यात भिजवायचा, नवसागर टाकायचा, मडकं किंवा पिंप ओढ्याकाठच्या मातीत पुरून आंबवायचं आणि चार-सहा दिवसांनी उकळून वाफ धरायची. तयार माल टायरच्या ट्यूबमध्ये भरून पोटाला बांधून न्यायचा. दारूबंदी कायद्यात मोहाच्या फुलांबरोबर सडक्या गुळाचीही दखल घ्यावी लागली, ती उगाच नाही.

गुत्त्याचं आज दिसणारं रूप या वर्षांत घडलं, असं मला वाटतं. पाटी नको, खिडकी नको, दिवा मंद हवा, मागे दुसरं दार हवं. बसायचं नाही, कारण धाड आली तर पळायला उशीर होईल. एका घोटात संपवायचं, कारण हातातला पेला हाच पुरावा. घटाघटा प्यायची, तोंड वाकडं करून लगेच निघायची जी पद्धत आपण गावंढळपणा म्हणून हसण्यावारी नेतो, ती भीतीतून आलेली आहे. बंदी उठली, तरी भीतीने शिकवलेलं अंगवळणी राहिलं.

पुन्हा सरकारमान्य

साठच्या दशकात बंदी सैल होऊ लागली. परमिट मिळणं सोपं झालं आणि परमिटवाल्यांनी बसून प्यावं म्हणून हॉटेलांत खोल्या निघाल्या. परमिट रूम हा खास आपल्या राज्याचा शब्द त्यातूनच आला. गरिबाची दारू सगळ्यात शेवटी कायदेशीर झाली. महाराष्ट्र देशी मद्य नियम १९७३ चे आहेत. त्यानंतर ‘सरकारमान्य’ पाट्या लागल्या. विषारी हातभट्टीने माणसं मरतात, त्यापेक्षा तपासलेली दारू बरी, हे त्याच्या बाजूचं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तेव्हा ते पुन्हा आठवलं. दुसरं कारण महसूल. तेही कुणी लपवलं नाही.

यात एक गंमत अशी, की दारूबंदीचा कायदा रद्द झालाच नाही. आजही दुकानाला परवाना मिळतो तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली. पिणाऱ्याकडे परमिट हवं, असं हा कायदा आजही म्हणतो. जो कायदा दारू थांबवायला जन्मला, तोच आता ती कुणी, कुठे विकायची हे ठरवतो.

आणि आमचे दोन जिल्हे या गणितात कुठे बसतात? कृष्णाकाठी साखर कारखाने उभे राहिले. सांगलीचा, वाळव्याचा, रेठऱ्याचा कारखाना ही नावं इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडात आहेत. या सहकाराने आमच्या भागाला शाळा, कॉलेजं, दवाखाने दिले, हे मी विसरत नाही. पण एक टन ऊस गाळला की साखरेबरोबर साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते. टनभर मळीपासून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल होतं. ते कुठे तरी जाणारच. काही औषधाला आणि रसायनांना जातं, आता इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातं आणि काही बाटलीत जातं. बीड-जतकडचा ऊसतोड्या ऊस तोडतो, त्या उसाची साखर होते, मळी होते, मळीची दारू होते आणि हंगामात पगार झाला की त्याचाच थोडा भाग जाळीच्या खिडकीतून त्याच्या हातात परत येतो. या फेऱ्यात पैसा सगळीकडे थांबतो. कारखान्यात, डिस्टिलरीत, दुकानदाराकडे, सरकारी तिजोरीत. बदनामी मात्र शेवटच्या मुक्कामाला उतरते.

फाटक, हायवे आणि आडवी बाटली

दुकान कुठे असावं, याचे नियम आहेत. शाळा, देऊळ, मशीद, एसटी स्टँड यांपासून ठरावीक अंतर हवं. हे अंतर सरळ रेषेत मोजत नाहीत, पायी जायच्या वाटेने मोजतात. मी नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत होतो. तिच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की समोरच गुत्ता होता. पालकांनी तक्रार केली. काही दिवसांनी मागच्या फाटकाला कायमचं कुलूप लागलं. आता पुढच्या फाटकातून वळसा घालून मोजलं की अंतर भरत होतं. दुकान होतं तिथेच राहिलं, पोरांची वाट लांब झाली. तेव्हा मी नवा होतो, गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून बोचतं.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल दिला. २०१७ च्या एप्रिलपासून पुणे-बेंगळुरू रस्त्यावर सातारा, कराड, पेठ नाका भागात दारं बंद झाली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. हायवेवरच्या परमिट रूमवाल्यांसाठी सगळे धावले. रोजगार, पर्यटन, महसूल यांवर चर्चा झाल्या, पुढे शहरी हद्दीला सूट मिळाली. देशी दुकानाच्या गिऱ्हाइकाच्या बाजूने कुणी बोललं नाही. बोलावं असं मी म्हणत नाही. पण कुणाची दारू हा ‘उद्योग’ आणि कुणाची दारू हे ‘व्यसन’, हे त्या वर्षी उघड दिसलं.

या सगळ्या इतिहासात ज्यांना कधी विचारलं गेलं नव्हतं, त्या बायकांना शेवटी मत मिळालं. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सहीनिशी मागणी केली, तर सही-पडताळणीनंतर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद. साताऱ्याच्या जावळी तालुक्यात विलासबाबा जवळ यांच्यासारखे कार्यकर्ते, व्यसनमुक्त युवक संघ आणि गावोगावच्या बायका यांनी ही लढाई एकेक गाव करत लढली आणि तालुक्यातली परवान्याची दुकानं बंद पाडली. प्रतिसरकारच्या मुलखात हे घडावं, यात मला एक सलग धागा दिसतो.

पण नियमातली मेख बघा. झालेल्या मतांपैकी निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी पन्नास टक्क्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत हजार बायका आहेत. सहाशे आल्या, त्यातल्या पाचशेंनी आडवी केली, तरी बाटली उभीच. जी परगावी नांदायला गेली, जी मजुरीवर होती, जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिलं नाही, जी मेली पण यादीत राहिली, त्या सगळ्यांचं मत न देताच उभ्या बाटलीला जातं. आमदार निवडायला एवढी कडक अट नाही. दुकान काढताना मात्र यांतल्या एकीलाही विचारलेलं नसतं.

दुकान बंद झाल्यावर सगळं सुरळीत होतं, असंही नाही. शेजारच्या गावातून बाटल्या येतात, ढाब्याच्या मागे विकल्या जातात. तरी जावळीकडच्या एका ओळखीच्या बाईंना मी विचारलं, फरक काय पडला? त्या म्हणाल्या, “आता लांब जावं लागतं. येताना निम्मी उतरती. पोरं तवर निजल्याली असत्यात.” अहवालात हे बसणार नाही, पण फरक म्हणजे फरक.

आमचं मागचं दार

आता थोडं घरचं. मुसलमान पीत नाहीत, असं बाहेर समजलं जातं आणि आम्हीही ते अभिमानाने सांगतो. खरं असं, की पिणारे आहेत. ते मागच्या दाराने जातात किंवा दुसऱ्या गावात जाऊन पितात. त्यामुळे आमच्याकडे व्यसन हा आजार म्हणून बोलला जात नाही, गुन्हा म्हणून झाकला जातो. झाकलेल्या माणसाला कुणी दवाखान्यात नेत नाही. त्याची बायको कुणापुढे तोंड उघडत नाही, कारण उघडलं तर खानदानाची इज्जत जाते.

लहानपणी मदरशात ऐकलेली एक हदीस मला या लेखाच्या वेळी आठवली. दारूच्या बाबतीत त्यात दहा जण दोषी धरले आहेत. रस काढणारा, काढवून घेणारा, पिणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेली जाते तो, ओतणारा, विकणारा, तिच्या पैशावर जगणारा, विकत घेणारा आणि ज्याच्यासाठी घेतली तो. दहांमध्ये पिणारा एक. उरलेले नऊ जण आपण सोयीने विसरलो. चौदाशे वर्षांपूर्वीची ती यादी मी आमच्या जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहिली, तर ऊसपट्ट्यापासून तिजोरीपर्यंत सगळे मुक्काम तिच्यात सापडतात. माझा पगारही सरकारी तिजोरीतून येतो, तेव्हा नीचे देख के चालणाऱ्यांत मीही आहे.

तर गुत्ता कशाने होतो? दारूने नाही, कळकट भिंतीनेही नाही. ठेका एकाचा आणि शरम दुसऱ्याची, अशी वाटणी जिथे होते तो गुत्ता. मराठीने त्या जागेला ठेक्याचं नाव देऊन ठेवलं होतं. आपण त्याचा अर्थ विसरलो आणि नाव पिणाऱ्याच्या कपाळावर लावलं.

त्या तासानंतर आठवड्याभराने मी वर्गाला हे सगळं थोडक्यात सांगितलं. कुणाकडे न बघता. गुत्ता म्हणजे ठेका, गुत्तेदार म्हणजे ठेकेदार, कन्नडमध्ये गुत्तिगे, १८७८ चा कायदा, आडवी बाटली. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. त्या मुलानेही घेतलं. त्याला काय वाटलं, मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

सहामाहीनंतर पालकसभा होती. त्याचे वडील पहिल्यांदाच आले. आंघोळ केलेली, पांढरा इस्त्रीचा सदरा, नखांत हळदीचा पिवळेपणा तसाच. ते दारातच उभे राहिले, आत यावं की नाही या विचारात. मी उठून खुर्ची पुढे केली आणि म्हणालो, “आइए भाईजान, बैठिए.” ते बसले. आम्ही पंधरा मिनिटं बोललो, पोराच्या गणिताबद्दल.